पॉवरशेलचं मॉड्यूल इन्स्टॉल होईना, झालं तर सापडेना: कुठून बघत जायचं

नागपुरातल्या छोट्या-मध्यम ऑफिसांचे पीसी आणि सर्व्हर सांभाळतो, बर्डीपासून हिंगणा एमआयडीसीपर्यंत, आणि एक तक्रार फिरून फिरून येते, "भाऊ, मॉड्यूल टाकून राहिलो पण होऊनच नाही राहिलं". पोरं नवीन असतात, नेटवरून चार ओळी उचलून मारतात, त्यातली एखादी चालते आणि कोणती चालली ते कोणालाच कळत नाही, मग दुसऱ्या पीसीवर परत तेच. म्हणून क्रमाने लिहून ठेवतो. पॉवरशेल म्हणजे विंडोजला टाईप करून कमांड द्यायची खिडकी, मॉड्यूल म्हणजे तिला जोडायचा तयार कमांडचा संच, आणि तो बहुतेक वेळा पॉवरशेल गॅलरी या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कोठारातून येतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाईप करताना अर्थात इंग्रजीत, आकडे आणि हायफनसकट.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कोणतं ते ठरवा, अर्धं काम तिथेच होतं.

– इन्स्टॉल-मॉड्यूल मारलं की पिवळ्या अक्षरात "अनेबल टू रिझॉल्व्ह पॅकेज सोर्स" आणि त्याखाली लाल "नो मॅच वॉज फाउंड". नाव बरोबर आहे तरी असं मॉड्यूलच नाही म्हणतो.
– न्यूगेट प्रोव्हायडर (गॅलरीतून मॉड्यूल उतरवायला लागणारा जोड) पाहिजे म्हणून विचारतो, वाय दाबलं तरी डाउनलोड होत नाही, वरून म्हणतो इंटरनेट कनेक्शन तपासा. बाजूच्या ब्राउझरमध्ये यूट्यूब चालू असतं.
– इन्स्टॉल मुकाट्याने होतं, पण कमांड मारली की "इज नॉट रेकग्नाइज्ड".
– मॉड्यूल सापडतं पण इम्पोर्ट करताना "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम".
– दिवसा हाताने चालवलं तर मस्त, रात्री टास्क शेड्यूलरमधून शून्य.
– अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं (ऑफिसची खाती आणि पीसी एका जागेवरून सांभाळणारी विंडोजची यंत्रणा) मॉड्यूल गॅलरीत सापडतच नाही.

पहिली दोन लक्षणं डाउनलोडची आहेत, पुढची तीन जागेची, खात्याची नाहीतर परवानगीची, आणि शेवटचं वेगळंच आहे. एकाचं औषध दुसऱ्याला लावू नका. डाउनलोड होत नाही म्हणून एक्झिक्युशन पॉलिसी (स्क्रिप्ट चालू द्यायची की नाही ते ठरवणारी सेटिंग) बदलत बसणारे कितीक पाहिले, त्याचा इथे काडीचाही संबंध नसतो.

खिडकी कोणती उघडली ते बघा

फुकटची तपासणी आहे आणि लोक हीच सोडतात. डॉलर चिन्ह लावून पीएसव्हर्जनटेबल टाईप करा. ५.१ दिसलं तर ती विंडोजसोबत येणारी जुनी पॉवरशेल, ७ पासून पुढचा आकडा दिसला तर ती वेगळी टाकलेली नवी. एकाच पीसीवर दोन्ही राहतात, आणि दोघींचे मॉड्यूलचे फोल्डर वेगळे आहेत. स्वतःपुरतं टाकलेलं मॉड्यूल ५.१ माय डॉक्युमेंट्समध्ये विंडोजपॉवरशेल नावाच्या फोल्डरात टाकते, ७ नुसत्या पॉवरशेल नावाच्या फोल्डरात. ७ मध्ये स्वतःपुरतं टाकलेलं मॉड्यूल ५.१ ला दिसत नाही. एवढ्या एका गोष्टीवर "काल तर चालून राहिलं होतं" वाली अर्धी भांडणं मिटतात, कारण काल टर्मिनलमध्ये ७ उघडली होती आणि आज स्टार्ट मेनूतून निळी खिडकी.

तसंच खिडकीच्या नावात एक्स८६ लिहिलंय का बघा. ती ३२ बिटची आहे, काही मॉड्यूल तिच्यात दिसतच नाहीत. बंद करा, साधी उघडा.

घड्याळ

हसू नका. गॅलरीशी बोलणं एनक्रिप्टेड असतं, आणि पीसीची तारीखच मागे गेली असेल तर समोरचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नाही असं पीसीला वाटतं आणि कनेक्शन तुटतं. आपल्याकडे मे महिन्यात ऑफिसं दुपारी यूपीएससकट सगळं बंद करून जातात, जुन्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो, परत चालू केलं की तारीख पार मागच्या कुठल्यातरी वर्षात. सीआर २०३२ सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो, किरकोळ खर्च आहे. डोमेनमधला, म्हणजे ऑफिसच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेला, पीसी असेल तर त्याचं घड्याळ हाताने बदलत बसू नका, तो वेळ डोमेन कंट्रोलरकडून, म्हणजे ती डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरकडून घेतो, म्हणजे कंट्रोलरचीच वेळ बघावी लागेल.

मग टेस्ट-नेटकनेक्शन वापरून पॉवरशेल गॅलरीच्या पत्त्यावर पोर्ट ४४३ तपासा. टीसीपी टेस्ट सक्सीडेड पुढे ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे, पुढे चला. फॉल्स आलं तर फायरवॉल किंवा प्रॉक्सी (ऑफिसचं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) आडवी आहे, त्याचं खाली बोलतो.

टीएलएस, म्हणजे पहिल्या लक्षणाचं नेहमीचं कारण

एप्रिल २०२० मध्ये पॉवरशेल गॅलरीने टीएलएस (एनक्रिप्टेड बोलण्याची पद्धत) १.० आणि १.१ घेणं बंद केलं, आता कमीत कमी १.२ लागतं. विंडोज १.२ बोलू शकते, पण सर्व्हर २०१२ आर२ किंवा २०१६ सारख्या मशीनवरची ५.१ पॉवरशेल आपणहून जुनंच बोलायला जाते. गॅलरी फोन उचलून लगेच ठेवते, आणि पॉवरशेल तुम्हाला सांगते की मॉड्यूल सापडलं नाही. खरं तर तिने शोधलंच नाही. ब्राउझर स्वतःचं टीएलएस स्वतः ठरवतो, म्हणून यूट्यूब चालतं आणि हे नाही.

तपासायला ही ओळ:

[नेट.सर्व्हिसपॉइंटमॅनेजर]::सिक्युरिटीप्रोटोकॉल

उत्तरात एसएसएल३ आणि नुसतं टीएलएस आलं तर हेच दुखणं. मग त्याच ओळीपुढे बरोबरचं चिन्ह टाकून एकेरी अवतरणात 'टीएलएस१२' लिहा, एंटर, आणि इन्स्टॉल परत मारा. बहुतेक वेळा इथेच काम होतं.

पण हे फक्त त्या खिडकीपुरतं आहे, बंद केली की गेलं. म्हणून लोक म्हणतात की काल दुरुस्त केलं आज परत बिघडलं. कायमचं करायचं तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचं कोठार) एचकेएलएम खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, डॉटनेटफ्रेमवर्क, व्ही४.०.३०३१९ या कीमध्ये एससीएचयूजस्ट्राँगक्रिप्टो नावाचा डीवर्ड (आकड्याची नोंद) करून १ ठेवायचा, आणि वाव६४३२नोड खालच्या तशाच कीमध्येही. दोन्हीकडे, नाहीतर ३२ बिटवाले प्रोग्राम तसेच राहतात. हे करण्याआधी थांबून एक विचार करा: ही सेटिंग त्या मशीनवरच्या सगळ्या डॉटनेट प्रोग्रामला (पॉवरशेल ५.१ सारखे मायक्रोसॉफ्टच्या या पायावर चालणारे) लागते. त्याच सर्व्हरवर एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर असेल जे पलीकडच्या तेवढ्याच जुन्या सर्व्हरशी बोलतं, तर ते अडकू शकतं. इतवारीतल्या होलसेलच्या दुकानात सोमवारी सकाळी बिल निघेनासं झालं तर कोणी टीएलएस ऐकून घेत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारा, रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या, मग हात लावा.

न्यूगेट आणि जुनं पॉवरशेलगेट

५.१ सोबत येणारं पॉवरशेलगेट (इन्स्टॉल-मॉड्यूल वगैरे कमांड देणारं मॉड्यूल) १.०.०.१ आहे, फार जुनं. टीएलएस सरळ झालं की आधी न्यूगेट प्रोव्हायडर घ्या (किमान २.८.५.२०१ मागतो), मग इन्स्टॉल-मॉड्यूल पॉवरशेलगेट, सोबत फोर्स आणि अलाउक्लॉबर. झाल्यावर खिडकी बंद करून नवीन उघडा, कारण चालू खिडकीत जुनंच लोड झालेलं असतं आणि तुम्हाला वाटतं काही बदललंच नाही.

गेट-पीएसरिपॉझिटरी मारून काहीच आलं नाही, तर गॅलरीची नोंदच उडालेली आहे. रजिस्टर-पीएसरिपॉझिटरी हायफन डिफॉल्ट, संपला विषय. गॅलरी अनट्रस्टेड आहे असं विचारते ते बिघाड नाही, ते तसंच राहू द्या. गॅलरीत कोणीही मॉड्यूल टाकू शकतं, म्हणून आधी फाइंड-मॉड्यूल मारून लेखक कोण आहे ते वाचायचं, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे तर नाही ते बघायचं, मग वाय दाबायचं. अ‍ॅडमिन खिडकीत टाकलेलं मॉड्यूल अ‍ॅडमिनच्या हक्काने चालतं हे डोक्यात ठेवा.

पेस्टर (स्क्रिप्टची चाचणी घ्यायचं मॉड्यूल) टाकताना पब्लिशरवरून बोंबलला तर घाबरू नका. विंडोजसोबत त्याची ३.४.० आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या सहीने येते, गॅलरीतल्या नव्याची सही वेगळी. त्याला स्किपपब्लिशरचेक द्या. पण ते पेस्टरपुरतंच, सवय लावून घेऊ नका.

प्रॉक्सी आणि फायरवॉल

पोर्ट ४४३ ला फॉल्स आलं होतं तर नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी मारून बघा. ब्राउझरला प्रॉक्सी माहीत असते, सर्व्हिसला आणि पॉवरशेलला नसते असं होतं. ऑफिसच्या फायरवॉलला पॉवरशेल गॅलरीचा पत्ता उघडायला सांगा, आणि फायरवॉल एनक्रिप्टेड ट्रॅफिक उघडून तपासत असेल तर तेही विचारा. सर्टिफिकेट तपासणी बंद करणारी एक ओळ नेटवर फिरत असते, ती वापरू नका बाप्पा. तिने काम होतं हे खरं, पण मधे कोण बसलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

नेट मिळणारच नसेल तर भांडू नका. दुसऱ्या पीसीवर सेव्ह-मॉड्यूल करा, पेनड्राइव्हवर घ्या, इकडे प्रोग्राम फाइल्सच्या विंडोजपॉवरशेल खालच्या मॉड्यूल्स फोल्डरात टाका. फोल्डरची रचना महत्त्वाची: मॉड्यूलचं नाव, त्यात आवृत्तीचा आकडा, त्यात पीएसडी१ फाइल. झिप करून आणलं की उघडताना नावाच्या फोल्डरात परत त्याच नावाचा फोल्डर होतो, आणि पॉवरशेलला ती फाइल दिसत नाही. हाताने आणलेलं मॉड्यूल सापडत नसेल तर सगळ्यात आधी हेच उघडून बघा.

झालं पण सापडत नाही, आणि रात्रीचा टास्क

इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणारी चिवट केस बहुतेक हीच असते.

आधी गेट-मॉड्यूल हायफन लिस्टअव्हेलेबल, पुढे मॉड्यूलचं नाव, आणि निघालेल्या ओळीत पाथ वाचा. नाव आणि आवृत्ती नाही, पाथ. तो सी युजर्समधून कोणाच्या तरी नावाखालून जात असेल तर ते मॉड्यूल त्या एका माणसाचं आहे. पॉवरशेलगेट २ पासून स्कोप (कोणासाठी टाकायचं ते) दिला नाही तर करंट युजर धरतो, १ मध्ये ऑल युजर्स धरायचा आणि अ‍ॅडमिन मागायचा. म्हणजे तीच कमांड, पॉवरशेलगेट अपडेट केल्यावर वेगळ्या जागी टाकते. हे कोणी सांगत नाही.

आता रात्रीचा टास्क. एका कंपनीत सोडून गेलेल्या लोकांची खाती आपोआप बंद करायची स्क्रिप्ट होती. तिथला मुलगा स्वतःच्या लॉगिनने चालवायचा, खाती बंद व्हायची. टास्क शेड्यूलरमध्ये टाकली, सिस्टिम खात्यावर, लास्ट रन रिझल्टमध्ये ०एक्स१ (बिघडलं एवढंच सांगणारा कोड) आणि बाकी काही नाही. तो स्क्रिप्टच्या ओळी बदलत बसला होता, स्क्रिप्टमध्ये काहीच चूक नव्हती. सिस्टिम खात्याला त्या मुलाचं माय डॉक्युमेंट्स कुठून दिसणार? मॉड्यूल ऑल युजर्स स्कोपने परत टाकलं, झालं.

तुम्हाला खात्री करायची असेल तर स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींत हूअ‍ॅमआय आणि पीएसमॉड्यूलपाथ दोन्ही एका टेक्स्ट फाइलीत लिहून घ्या. सकाळी फाइल उघडली की कोण चालवत होतं आणि कुठे शोधत होतं हे स्पष्ट दिसतं, अंदाज लावायची गरज नाही. टास्कमध्ये प्रोग्राम कोणता दिलाय तेही बघा: पॉवरशेल डॉट ईएक्सई म्हणजे ५.१, पीडब्ल्यूएसएच डॉट ईएक्सई म्हणजे ७. मॉड्यूल ७ च्या फोल्डरात आणि टास्क ५.१ चा, असंही होतं.

वनड्राइव्हचं एक वेगळं. बऱ्याच ऑफिसांत डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये वळवलेला असतो, मग करंट युजरवालं मॉड्यूलही क्लाउडवर जातं, जागा वाचवायला वनड्राइव्ह फाइली नुसत्या ऑनलाइन ठेवते, आणि इम्पोर्ट केलं की खिडकी मिनिटभर गपगार. सर्व्हरवर आणि अ‍ॅडमिनच्या पीसीवर सरळ ऑल युजर्स वापरा, माझं मत स्पष्ट आहे.

जुन्या आवृत्त्याही बघून घ्या. अपडेट-मॉड्यूल नवीन टाकतं पण जुनं काढत नाही. तीन तीन आवृत्त्या साचलेल्या असतात, साफ करायच्या तर अनइन्स्टॉल-मॉड्यूलला आवृत्ती सांगून.

स्क्रिप्ट डिसेबल्ड म्हणतो

गेट-एक्झिक्युशनपॉलिसी हायफन लिस्ट. पाच ओळी येतात. विंडोजच्या साध्या पीसीवर काहीच ठरवलेलं नसेल तर रिस्ट्रिक्टेड धरतो, सर्व्हर २०१२ आर२ पासून रिमोटसाइन्ड. वरच्या दोन ओळी, मशीनपॉलिसी आणि युजरपॉलिसी, अनडिफाइन्ड असतील तर सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड, स्कोप करंट युजर. एवढं पुरतं. अख्ख्या मशीनला अनरिस्ट्रिक्टेड किंवा बायपास काहून करता? ही पॉलिसी काही तिजोरीचं कुलूप नाही हे मायक्रोसॉफ्टही सांगतं, पण चुकून डबल क्लिक झालेलं थांबवते, तेवढं तरी राहू द्या. नेटवरून आलेली फाइल असेल तर वाचून झाल्यावर अनब्लॉक-फाइल मारा, कारण विंडोज तिच्यावर बाहेरून आल्याचा शिक्का ठेवते.

वरच्या दोन ओळींत काही लिहिलेलं असेल तर ते ग्रुप पॉलिसीने (डोमेनवरून सगळ्या पीसींना लागणारी सेटिंग) आलंय. तुम्ही कितीही सेट करा, चालणार वरचंच.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि क्लाउडची मॉड्यूल

एडीचं मॉड्यूल गॅलरीत शोधू नका, ते आरसॅट या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर दुरून सांभाळायच्या साधनांसोबत येतं. विंडोज १० च्या १८०९ पासून सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये आहे, सर्व्हरवर इन्स्टॉल-विंडोजफीचर आरसॅट-एडी-पॉवरशेल. होम एडिशनवर आरसॅट मिळत नाही, प्रो तरी पाहिजे. ०एक्स८००एफ०९५४ हा एरर आला तर पीसी ऑफिसच्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरकडे (ऑफिसातूनच विंडोज अपडेट देणारा) मागून राहिला आहे आणि तिथे ते नाही, त्यासाठी ऑप्शनल फीचर थेट विंडोज अपडेटवरून घ्यायची ग्रुप पॉलिसी आहे.

क्लाउडवाल्यांनी एमएसऑनलाइन आणि अझ्युरएडी ही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची खाती सांभाळणारी जुनी मॉड्यूल आता टाकूच नये. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२४ च्या शेवटी ती डेप्रिकेट केली, म्हणजे यापुढे वापरू नका म्हणून सांगितलं, मग एमएसऑनलाइन २०२५ मध्ये बंदही केलं. इन्स्टॉल होतं पण लॉगिन होत नाही अशी तक्रार असेल तर दुरुस्त करायला काही उरलेलं नाही, ग्राफवर (त्यांच्या जागी आलेलं मायक्रोसॉफ्टचं मॉड्यूल) जा. ग्राफचं अख्खं मॉड्यूल ५.१ मध्ये एकदम इम्पोर्ट केलं की फंक्शन कपॅसिटी ४०९६ ओलांडली म्हणून लाल होतं. युजर्सचं काम असेल तर फक्त ग्राफ डॉट युजर्स इम्पोर्ट करा, नाहीतर ७ वापरा.

इथे थांबा, माणूस बोलवा

डॉलर लावून एक्झिक्युशनकॉन्टेक्स्ट डॉट सेशनस्टेट डॉट लँग्वेजमोड मारा. फुलच्या जागी कन्स्ट्रेन्ड आलं, तर कोणीतरी मुद्दाम अ‍ॅपलॉकर किंवा कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारं तसलं काही लावलंय. त्याला वळसा घालायचा नाही, ज्याने लावलं त्याला विचारायचं. ग्रुप पॉलिसीने पॉलिसी येते, फायरवॉल सर्टिफिकेट बदलते, अँटिव्हायरस पॉवरशेल बंद पाडतो, या तिन्हीतही तेच. आणि डोमेन कंट्रोलर एकच असेल, बॅकअप परत लावून कधी बघितलेला नसेल, तर त्यावर रजिस्ट्री, टीएलएस, घड्याळ यातलं काहीच शिकायला म्हणून करू नका. डोमेनची वेळ पाच मिनिटांपेक्षा जास्त हलली की केर्बेरॉसची (डोमेनमध्ये ओळख तपासायची पद्धत) लॉगिन अडकतात, मग मॉड्यूल राहिलं बाजूला, अख्खं ऑफिस फोन करून राहतं.

बोलवणार असाल तर हे आधी पाठवा: पीएसव्हर्जनटेबल, पॉलिसीची पूर्ण लिस्ट, मॉड्यूलचा पाथ, कोणत्या खात्याने चालवलं, आणि एरर. मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो नका पाठवू राजेहो, त्यात अर्धी ओळ कापलेली असते. डॉलर एरर, चौकोनी कंसात शून्य, पुढे उभी रेघ आणि फॉरमॅट-लिस्ट हायफन फोर्स मारा, पूर्ण एरर खुलते, माउसने सिलेक्ट करून एंटर दाबलं की कॉपी होते, ती तशीच चिकटवा.